कोमातल्या माणसाचा निकाल वाडीच्या ग्रुपवर: कोर्टाचं दार किती उघडं हवं?

सुरंगी (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:२०

आमच्या वाडीतल्या एका काकींचे यजमान अपघातानंतर शुद्धीवर आलेच नाहीत. गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयातून घरी आणलं, खोलीत पलंग लावला, तेव्हापासून काकी एकट्या सगळं करतात. काकांच्या नावावरचं खातं, पेन्शन, विमा सगळं अडकलं होतं. बँक म्हणे सही आणा. सही करणारा माणूस डोळे उघडून छताकडे बघत पडलेला. शेवटी उच्च न्यायालयात याचिका केली आणि काकींना काकांची पालक नेमून मिळालं. निकाल चांगला लागला, औषधांचे पैसे सुटले.

मग त्या निकालाची पीडीएफ वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. कुणी टाकली ते सोडून देते. काय होतं त्यात ते सांगते: काकांचं पूर्ण नाव, पत्ता, मेंदूला कुठे मार बसला, नाकातली नळी, लघवीची पिशवी, फिट्स किती वेळा येतात, मुलीने आणि मुलाने दिलेली ना-हरकत, ठेवींचे आकडे, खाते क्रमांक, आणि सड्यावरच्या कलमांच्या जमिनीचा सर्व्हे नंबर. आठवडा गेला नाही तोवर जमिनीच्या दलालांचे फोन सुरू झाले. कधी पायरी न चढलेले लोक 'बघायला' येऊन पलंगाशी उभे राहू लागले आणि पिशवी कुठाय ते डोळ्यांनी शोधू लागले.

माझं बाजारात झेरॉक्स आणि महा-ई-सेवेचं दुकान आहे. एक गृहस्थ मोबाईल पुढे करून म्हणाले, याची प्रिंट दे. मी दिली नाही. ते म्हणाले, कोर्टाच्या वेबसाइटवर आहे, चोरीचं थोडंच आहे. त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच हा धागा काढतेय.

कोर्ट उघडं असावं याबद्दल माझा वाद नाही. बोलू न शकणाऱ्या माणसाची जमीन आणि पैसा दुसऱ्याच्या हाती देताना ते बंद दाराआड होऊ नये, उद्या कुणी लबाड भाऊ हेच करेल. पण काकींना न्याय मिळण्यासाठी काकांची लघवीची पिशवी जगजाहीर व्हायलाच हवी होती का? जाणकारांनी सांगावं. गोष्ट ओळखू येऊ नये म्हणून मी एकदोन तपशील बदलले आहेत.

बावकाठ | रविवार, रात्री १०:०५

सुरंगी, प्रिंट दिलंस नाय ता बरा केलंस. गावात कोणाच्या घरात काय चलला हा ता सगळ्यांका म्हायत असताच, ता कोण अडवूक शकणा नाय. काका पडले तेव्हा शेजाऱ्यांनीच गाडी करून बांबोळीक नेल्यानी. पण बँकेत किती आसत आणि नळी खंय घातली हा, ह्या काकीन आपणहून सांगल्याशिवाय कोणाक कळूक नये. दलालांका तर तेवढाच व्हया असता.

ओरोसचा_वकील | रविवार, रात्री ११:४०

सुरंगीताई, कायदा काय आहे ते आधी सांगतो, मत नंतर.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३-ब म्हणतं की दावा चालतो ती जागा खुलं न्यायालय; जागा पुरेल तितक्या लोकांनी आत बसावं; न्यायाधीशांना गरज वाटली तर ते लोकांना बाहेर ठेवू शकतात. यावरचा मोठा निकाल आपल्या मुंबईतूनच गेलेला आहे. एका मानहानीच्या दाव्यात न्या. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष वर्तमानपत्रांनी छापू नये असं सांगितलं. पत्रकार नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायाधीशांनी ठरवलं की खुली सुनावणी हा नियम आहेच, पण उघडेपणामुळे न्यायच होणार नसेल तर अपवाद करायचा अधिकार कोर्टाला आहे.

आता काकींना थेट उच्च न्यायालयात का जावं लागलं? १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मनोरुग्णांसाठी. कोमातल्या प्रौढ माणसाची पालक नेमायला कायदाच नाही. म्हणून राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करायची. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशा याचिकांसाठी नियमावली घालून दिली, २०२० मध्ये मुंबईने एका पत्नीला अशीच पालक नेमली, आणि तेव्हापासून हा रस्ता मळला आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. रायगडवाले अजून मुंबईतच.

पण रिट म्हटली की तिचे कागद नेहमीच्याच साच्यात पडतात. बोर्डावर पूर्ण नावं, ई-कोर्ट्सवर नावाने शोधता येतं, आदेश वेबसाइटवर. एचआयव्हीबाधित माणूस पक्षकार असेल तर २०१७ च्याच एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम ३४ खाली टोपणनावाने खटला चालवता येतो. गर्भपाताच्या प्रकरणात गर्भपात कायद्याचं कलम ५-अ बाईचं नाव झाकतं, म्हणून तिथे हल्ली 'एक्स' किंवा 'एबीसी' दिसतं. कोमातल्या माणसाला असं कुठलंच कलम नाही. त्याच्यासाठी कुणीतरी मागावं लागतं, आणि वकील मागत नाहीत. खरं सांगायचं तर आमच्या डोक्यात पालक नेमणूक, बँक आणि तारीख एवढंच असतं.

सड्यावरून_लीड्स | सोमवार, पहाटे २:१५

वेंगुर्ल्याची आहे, सध्या इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात काम करते. इथे याच कामासाठी वेगळं न्यायालय आहे, कोर्ट ऑफ प्रोटेक्शन. २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्याने उभं राहिलं, २००७ पासून चालतं. ज्यांना स्वतःचा निर्णय घेता येत नाही असे प्रौढ: डिमेन्शिया, मेंदूला मार, गंभीर अपंगत्व. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी की नाही, नळीने अन्न देणं चालू ठेवावं की थांबवावं, त्यांनी घरी राहावं की संस्थेत, हे सगळं तिथे ठरतं.

सुरुवातीला ते बहुतेक बंद दाराआडच चालायचं आणि वर्तमानपत्रं त्याला 'गुप्त न्यायालय' म्हणायची. जानेवारी २०१६ पासून उलटं केलं. आता सुनावणी सहसा उघडी असते, पण सोबत एक आदेश असतो: रुग्णाचं नाव, कुटुंब, पत्ता, ओळख पटेल असं काहीही बाहेर लिहायचं नाही. त्या माणसाला सगळे 'पी' म्हणतात. यादीत केसचा नंबर आणि विषय येतो, नाव नाही. वकील काय बोलला, डॉक्टरांनी काय सांगितलं, न्यायाधीशांनी काय कारण दिलं, हे मात्र कुणीही ऐकावं आणि कुणीही लिहावं.

करोनात सुनावण्या व्हिडिओवर गेल्या तेव्हा जून २०२० मध्ये सीलिया किट्झिंगर आणि गिल लूम्स-क्विन यांनी एक उपक्रम काढला, सामान्य लोकांनी जाऊन बसावं आणि पाहिलेलं लिहावं म्हणून. त्यांचं वाचून मीही लिंक मागायला लागले. ईमेल करायचा, आधी त्या आदेशाची प्रत येते, मग लिंक. आम्ही ज्यांना रोज भरवतो त्यांच्याबद्दल इतक्या गंभीरपणे बोलतात हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थक्क झाले. पूर्वी हा माणूस कसा होता, त्याला काय आवडायचं, चर्चला जायचा का, कुणाशी भांडायचा, हे न्यायाधीश विचारून घेतात. कोणाची केस ते लिहीत नाही, आदेश आहे आणि मला तो पटतो.

तुमच्या काकींच्या बाबतीत हेच झालं असतं तर निकालात 'पी' असता, आणि नळी-पिशवी लिहूनही कुणाला पत्ता लागला नसता.

चिपळूणची_आई | सोमवार, सकाळी ७:५०

लीड्सताई, 'पी' लिहून इंग्लंडमध्ये झाकलं जात असेल. आमच्याकडे नाही. माझा मुलगा स्वमग्न आहे, आता सज्ञान. 'अमुक तालुक्यातला एकवीस वर्षांचा मुलगा, आई शिक्षिका, वडील हयात नाहीत' एवढं लिहिलंत की एसटी स्टँडवरचा चहावालाही माझ्या घराकडे बोट दाखवेल. आडनावाचीही गरज नाही.

राष्ट्रीय न्यासाखाली पालकत्व देणारी स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. मी तिच्यासमोर गेले तो जिल्हा कोणता ते लिहीत नाही. मोठ्या दालनात आम्ही सगळे पालक मुलांना घेऊन बसलेलो. नाव पुकारायचे, पुढे जायचं, आणि सगळ्यांसमोर प्रश्न. कपडे स्वतः घालतो का? संडासला स्वतः जातो का? चिडल्यावर मारतो का? माझा मुलगा बोलत कमी असला तरी त्याला सगळं समजतं. त्याने दोन्ही हातांनी कान झाकले. मागच्या बाकावर त्याच्या शाळेतल्या एका मुलीची आई होती.

ती सुनावणी उघडीच होती. तिथून न्याय किती दिसला ते मला ठाऊक नाही, माझ्या मुलाचं मोरी-संडास मात्र सगळ्यांना दिसलं. मला विचाराल तर अशा गोष्टी बंद खोलीत व्हाव्यात.

खाडीकाठ | सोमवार, सकाळी १०:३०

ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. तरी मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे, कारण गेली अनेक वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितो आणि बंद खोल्यांत काय होतं ते मला बाहेरच्या बाकावर बसून कळतं, म्हणजे कळत नाही.

मानसिक आरोग्य कायद्यातली पुनरावलोकन मंडळं घ्या. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दवाखान्यात ठेवलं असेल तर तो या मंडळाकडे दाद मागतो. त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न! आणि कायदाच सांगतो की मंडळाचं काम बंद दालनात चालेल. रुग्णाच्या भल्यासाठीच ठेवलंय, कबूल. पण राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातलं एक आपल्या रत्नागिरीत. तिथल्या माणसाचा अर्ज कोणत्या कारणाने मान्य झाला किंवा फेटाळला गेला, किती दिवस लागले, त्याच्या बाजूने बोलायला कुणी होतं का, यातलं बाहेरच्याला काहीच दिसत नाही. बरे झालेले लोक घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे आत राहतात, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे.

आणि तमिळनाडूचं एरवाडी आठवा. ६ ऑगस्ट २००१ ला समुद्रकाठच्या त्या गावात दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण जळून गेले. २८ माणसं. बातम्या छापून आल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी त्या साखळ्या कुणाला दिसत नव्हत्या असं थोडंच आहे? पण लिहिणारं कुणी नव्हतं.

प्रसिद्धीने काही वेळा रुग्णाचंच भलं होतं. गाझियाबादचा एक तरुण २०१३ मध्ये वरच्या मजल्यावरून पडला आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळला. आईवडिलांनी उपचारांसाठी घर विकलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची इच्छामरणाची विनंती मान्य केली नाही, पण त्यांची अवस्था देशाला कळली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने त्याच्यासाठी घरच्या घरी उपचारांची योजना कोर्टापुढे ठेवली. नाव, फोटो, आईवडिलांचे चेहरे सगळं छापून आलं होतं. आईवडील स्वतः बोलत होते. त्यांना गप्प बसवायचं का?

रत्नागिरीची_सिस्टर | सोमवार, दुपारी ३:१०

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले.

परिचारिका अरुणा शानबाग आपल्याच किनाऱ्यावरच्या, खाली कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळच्या केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोवर त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचं अन्न थांबवावं अशी याचिका झाली, त्याचा ७ मार्च २०११ चा निकाल मी पूर्ण वाचलेला आहे. त्यातली एक गोष्ट लोकांना फारशी माहीत नाही. कोर्टाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी अरुणाताईंना तपासलं आणि अहवालासोबत एक सीडी दिली. २ मार्चला ती सीडी कोर्टाच्या दालनात लावली, हजर असलेल्या सगळ्यांना त्यांची अवस्था दिसावी म्हणून. निकालात तसं स्पष्ट लिहिलंय आणि त्याला आधार म्हणून नाझींवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांचा दाखला दिलाय, तिथे अत्याचारांचं चित्रण कोर्टात दाखवलं होतं.

आम्ही बेशुद्ध रुग्णाचं स्पंजिंग करतानासुद्धा आधी पडदा ओढतो. त्याला कळत नाही म्हणून पडदा नको असं कुठल्याही सिस्टरने कधी म्हटलं नाही. न्यूरेंबर्गमध्ये गुन्हा सिद्ध करायचा होता. इथे अरुणाताईंनी कुणाचं काय केलं होतं? ज्यांनी ठरवायचं त्यांनी बघावं. वकिलांनीही बघावं. पण त्या दिवशी दालनात कोण कोण बसलं असेल!

आणि नाव. त्या हल्ल्याच्या खटल्यात बलात्काराचा गुन्हा लागलाच नव्हता, जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची शिक्षा झाली. पीडितेचं नाव छापायला बंदी करणारं कलम तर १९८३ ला आलं. त्यामुळे त्यांचं नाव कधी झाकलं गेलं नाही. आता कायद्याच्या पुस्तकात ते कायमचं प्रकरणाचं नाव होऊन बसलंय.

ओरोसचा_वकील | सोमवार, सायंकाळी ६:००

सिस्टर, सीडीचं वाचून मीही निकाल पुन्हा उघडला. तुमचा मुद्दा समजतो. तरी एक विचार करा. याचिका करणाऱ्या लेखिका म्हणत होत्या की मी अरुणाची हितचिंतक, तिच्या वतीने बोलते. केईएमच्या परिचारिका आणि अधिष्ठाते म्हणत होते की आम्ही तिला सांभाळतो, ती प्रतिसाद देते, तिला जगू द्या. कुणाचं ऐकायचं? कोर्टाने शेवटी रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच तिच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार दिला, याचिकाकर्तीला नाही. एवढा मोठा निर्णय नुसत्या कागदावर न ठेवता सगळ्यांसमोर पुरावा बघून झाला, यात मला काही गैर वाटत नाही. बंद दालनात बघितलं असतं तर उद्या लोक म्हणाले असते की काय दाखवलं कुणास ठाऊक.

रत्नागिरीची_सिस्टर | सोमवार, सायंकाळी ६:२५

मग न्यायाधीशांनी परळला यायचं होतं. वॉर्डात येऊन, पलंगाशी खुर्ची घेऊन बसायचं होतं. सीडीत बाई दिसते, पण मासे भरवताना तिचा चेहरा कसा होतो ते तिच्याजवळ बसल्यावर कळतं.

सड्यावरून_लीड्स | सोमवार, रात्री ११:५०

सिस्टर, इथे न्यायाधीश तसं करतात. सगळे नाही, पण रुग्णाला भेटायला त्याच्या खोलीत किंवा संस्थेत गेल्याचं बऱ्याच निकालांत लिहिलेलं असतं. त्या भेटीला लोक नसतात. काय दिसलं, काय बोलणं झालं हे मग कोर्टात सांगतात, म्हणजे ते गुप्तही राहत नाही.

पण मी पहाटे सगळं गोड लिहिलं, त्यातलं कडूही सांगायला हवं. खाडीकाठ यांनी विचारलं ना, बोलणाऱ्याला गप्प बसवायचं का. इथे बसवलं होतं. २०२३ मध्ये एकोणीस वर्षांची एक मुलगी रुग्णालयात होती, मायटोकॉन्ड्रियाचा दुर्मीळ आजार, पूर्ण शुद्धीत, बोलणारी. डॉक्टर म्हणत होते उपचार थांबवावेत. तिला प्रयोगाच्या उपचारांसाठी कॅनडाला जायचं होतं, त्यासाठी पैसे जमवायचे होते. पण ओळख न सांगण्याचा आदेश तिच्यावर आणि तिच्या घरच्यांवरही होता. स्वतःचं नाव घेऊन मदत मागता येईना. कोर्टाने तर ठरवलं की डॉक्टरांचं निदान ती मानत नाही, म्हणजे निर्णय घ्यायची तिची क्षमताच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ती गेली, तेव्हा कागदोपत्री ती 'एसटी' होती. मग आदेश उठला आणि नाव बाहेर आलं: सुदीक्षा थिरुमलेश. जुलै २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो क्षमतेचा निर्णय चुकीचा ठरवला, डॉक्टरांवर विश्वास न ठेवणं म्हणजे अक्षमता नव्हे असं सांगून. तोवर ती नव्हती.

जो आदेश तिचं रक्षण करायला होता, त्यानेच तिचं तोंड बंद केलं. म्हणून नाव झाकायचं की नाही, हे विचारता येत असेल तिथे त्या माणसालाच आधी विचारायला हवं.

चिपळूणची_आई | मंगळवार, सकाळी ७:३०

हे वाचून रात्रभर विचार केला. माझ्या मुलाला मी अजून विचारलंच नव्हतं की त्याच्याबद्दल लोकांसमोर बोललेलं चालेल का. त्याला चित्रं दाखवून विचारता येतं. खोलीत फक्त आई, सर आणि मॅडम, असं चित्र त्याने निवडलं. आणि दार उघडं असलेलं चित्रही बाजूला काढलं. दार उघडं का, ते त्याने सांगितलं नाही.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ११:१५

नाव छापायची मला हौस नाही, हे स्पष्ट करतो. 'एक ५८ वर्षांचे गृहस्थ' एवढ्यावर माझी बातमी होते. मला कारण हवं असतं, आदेशाचा तर्क हवा असतो.

पण लक्षात घ्या, कोर्टापर्यंत येणारी प्रकरणं कमी कमी होत चालली आहेत. २०११ च्या अरुणा निकालात अन्न किंवा यंत्र थांबवायला उच्च न्यायालयाची परवानगी लागायची. ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात दोन वैद्यकीय मंडळं आणि मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन रुग्णाला बघायचं असं ठरलं. २४ जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं, आता दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं. घरच्यांचे हाल कमी झाले, चांगलंच झालं. पण एकमत असेल तर सगळं रुग्णालयाच्या भिंतीतच संपतं. वाद झाला तरच कोर्ट. म्हणून जी थोडी प्रकरणं कोर्टात येतील ती तरी आम्हाला ऐकता यावीत. नाहीतर पलंगावरच्या माणसाबद्दल आपल्या राज्यात कसा विचार होतो, हे शिकायचं कुठून?

सड्यावरून_लीड्स | मंगळवार, दुपारी ४:४०

इथेही तसंच. जुलै २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून, डॉक्टर आणि कुटुंबाचं एकमत असेल आणि नियम पाळले असतील तर नळी काढायला कोर्टात जावं लागत नाही.

देवरुखकर | मंगळवार, सायंकाळी ५:०५

वाचतोय. एक प्रश्न. हल्ली सुनावण्या यूट्यूबवर दाखवतात, २०१८ चा स्वप्नील त्रिपाठी निकाल. त्यात ही प्रकरणं येतात का? आणि डॉक्टरांचं नाव झाकायचं की नाही?

ओरोसचा_वकील | मंगळवार, रात्री ९:१०

थेट प्रक्षेपणातून वैवाहिक वाद, लैंगिक अत्याचार, लहान मुलांची प्रकरणं वगळावीत अशी त्या निकालात सूचना आहे. अक्षम प्रौढांचा वेगळा विचार तिथे दिसत नाही. माझं मत: दालनात कुणीही बसावं, पण कॅमेरा नको. दालनात बसलेला माणूस ऐकतो आणि घरी जातो. क्लिप मात्र कापून कायम फिरत राहते.

रत्नागिरीची_सिस्टर | मंगळवार, रात्री १०:००

डॉक्टर-सिस्टरच्या नावाबद्दल मी सांगते. २०१७ मध्ये लंडनच्या चार्ली गार्ड या बाळाचे उपचार थांबवण्याच्या प्रकरणात रुग्णालयातल्या लोकांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. आपल्याकडे रुग्णालयांवरचे हल्ले थांबवायला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, मग सांगायला नको. प्रकरण तापलेलं असताना वॉर्डातल्या पोरींची नावं बाहेर जाऊ नयेत. पण कायमचं झाकणंही बरोबर नाही. एखाद्याने खरंच हयगय केली असेल तर मुलाच्या आईबापांना त्याचं नाव घेऊन बोलता आलं पाहिजे.

सड्यावरून_लीड्स | बुधवार, पहाटे १:३०

सिस्टर, एप्रिल २०२५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ हेच म्हटलं. दोन मुलांचे पालक, मुलं गेल्यानंतर डॉक्टरांची नावं घेऊन बोलू द्या म्हणत होते. नावं झाकणारे आदेश बेमुदत चालू ठेवता येणार नाहीत, असा निकाल झाला.

सुरंगी | बुधवार, रात्री ८:४५

सगळं वाचलं, काकींनाही वाचून दाखवलं. माझं मत आता असं झालंय: दालन उघडं ठेवा, कारणं सविस्तर लिहा, मात्र निकालात माणूस ओळखू येईल असं काही नको. गावाचं नावही नको, तालुकाही नको, चिपळूणच्या ताई म्हणतात तसं. पैशांचे आकडे आणि सर्व्हे नंबर बँकेला आणि तलाठ्याला लागतात, ते सीलबंद परिशिष्टात द्या. आणि बोलू शकणाऱ्या माणसाला, किंवा त्याच्या घरच्यांना, स्वतःच्या नावाने बोलायची मुभा कायम हवी.

काकींना मी विचारलं की निकाल वेबसाइटवरून काढूनच टाकावा का. त्या म्हणाल्या, नको, दुसऱ्या कुणा बाईला तो दाखवून बँकेशी भांडता येईल, फक्त ह्यांचं नाव काढा.

वकीलसाहेब, याचिका निकाली निघाली आहे. आता काही करता येतं का?

ओरोसचा_वकील | बुधवार, रात्री १०:२०

येतं. निकाली निघालेल्या याचिकेत अंतरिम अर्ज करायचा. मागणी दोन: वेबसाइटवरच्या प्रतीत नावांऐवजी आद्याक्षरं, आणि आर्थिक तपशील व सर्व्हे नंबर झाकलेली प्रत अपलोड व्हावी, मूळ प्रत बँकेसाठी प्रमाणित स्वरूपात मिळावी. आधार म्हणून २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, खाजगीपणा हा मूलभूत हक्क. शिवाय संहितेचा आदेश ३२-अ दाखवता येईल. अपंगत्व आलेल्या कुटुंबीयाच्या पालकत्वाच्या दाव्यात एका पक्षाने मागितलं तरी सुनावणी बंद दालनात घ्यावी लागते, असं तिथे आहे. रिटला तो थेट लागू नाही, पण कायद्याने या माणसांचा विचार कसा केलाय ते त्यातून दिसतं. कोर्ट देईलच असं सांगत नाही. उघड न्यायाचा मुद्दा समोर येईल आणि तो यायलाही हवा, म्हणूनच निकाल काढा असं न मागता नाव झाका एवढंच मागायचं. काकी म्हणाल्या तेच अर्जात त्यांच्या शब्दांत लिहू.

ग्रुपवर फिरलेली पीडीएफ मात्र परत येणार नाही. सर्व्हे नंबरवरून त्रास देणाऱ्या दलालांचे फोन नंबर आणि तारखा लिहून ठेवा, अर्जाला जोडू.

बावकाठ | बुधवार, रात्री १०:४०

ग्रुपचो अॅडमिन माझो चुलतभाव. पीडीएफ काढून टाकूक सांगलंय, काढल्यान. ज्येंनी पुढे धाडल्यानी तेंका एकेकाक फोन करतंय.

सुरंगी | गुरुवार, सकाळी ६:५५

बावकाठदादा, आभारी आहे. वकीलसाहेब, शनिवारी काकांजवळ त्यांची मुलगी थांबेल, तेव्हा काकींना घेऊन ओरोसला येते. निकालाची प्रमाणित प्रत आहे. अजून कोणते कागद लागतील?

ओरोसचा_वकील | गुरुवार, सकाळी ९:३०

प्रमाणित प्रत, काकींचं आधार, आणि डॉक्टरांचा ताजा दाखला. दाखल्यात शारीरिक तपशील नकोत, 'निर्णय घेण्यास असमर्थ' एवढंच लिहून घ्या. अकराच्या आत या, नंतर मी कोर्टात असतो.